स्वानंदचं पथ्य

"आजी, तूप घाला. चमचाभर नाही, चांगलं सढळ हातानं. मीठही जरा जास्तच," आहारतज्ज्ञ मुग्धा मॅडम म्हणाल्या, आणि प्रेमलताबाईंना वाटलं, ही पोर आपली थट्टाच करते आहे.

मांडीवर नात रितिका खोकत होती. घामाची तपासणी झाली होती आणि आजाराला एकदाचं नाव मिळालं होतं: सिस्टिक फायब्रोसिस. छातीत चिकट कफ साचतो, खाल्लेलं पचत नाही, घामावाटे मीठ निघून जातं.

"जेवताना ही पाचक कॅप्सूल द्यायची, रोज छाती मोकळी करायची. पूर्वी ही मुलं फार जगत नसत, आजी. आता कॉलेजात जातात. नवी औषधंही येताहेत. महाग आहेत, पण येताहेत. घरात आधी कोणाला असं होतं का?"

शेजारी बसलेल्या मोनालीनं, रितिकाच्या आईनं, प्रेमलताबाईंकडे पाहिलं.

स्वानंद. मोनालीचा पाठचा भाऊ, लहानपणीच गेलेला. पोट कमजोर आहे म्हणून अख्ख्या मोहल्ल्यानं सल्ले दिले आणि प्रेमलताबाईंनी ते जिवापाड पाळले. मुगाचं पाणी, मऊ भात, तेल-तूप बंद. पोरगं चिमटीनं मीठ चाटायचं, म्हणून बरणी वरच्या फळीवर. एकदा तर त्याच्या हातावर फटका दिला होता. "पथ्य करावं तर प्रेमलतानं," असं शेजारच्या यमुताई चारचौघींत सांगायच्या आणि या फुशारून जायच्या. लेकरू मागत होतं तेच त्याला हवं होतं. आपण त्याला उपाशी ठेवून घालवलं, दुसरं काय?

"होता," त्या कशाबशा म्हणाल्या. "माहा पोरगा. गेला. मीच त्याचं तूप-मीठ बंद केलं होतं..."

"तेव्हा ही कॅप्सूल तुम्हाला कोणी दिलीच नव्हती. नुसत्या तुपानं तो वाचला नसता, आजी."

मॅडमनी मायेनं सांगितलं, पण प्रेमलताबाईंच्या मनाला ते पटलं नाही.

परतताना ऑटोत रितिका झोपली आणि मोनालीला एकदम रडू फुटलं.

"आई, मी त्याले चोरून सांबारवडी चारत होती. कोपऱ्यावरच्या दुकानातली, तेलात तळलेली. मंग त्याचं पोट दुखे. मले वाटे, माह्यामुळंच गेला तो. रितिकाले हे निंगालं, तं वाटलं मलेच शिक्षा भेटली."

"काहून सांगितलं नाही वं?"

"तू मारलं असतं."

मारलंच असतं. प्रेमलताबाई खोटं बोलू शकल्या नाहीत. आपण पथ्याचा तोरा मिरवत होतो तेव्हा ही एवढीशी पोर भावाच्या मरणाचं ओझं घेऊन शाळेत जात होती, आणि आपल्याला पत्ता नव्हता. एका लेकराला उपाशी ठेवलं, दुसऱ्याला एकटं.

मग लेकीचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आवडीनं खाय का वं तो?"

"लय. हसत हसत खाय."

"बरं केलं पोरी. कोणीतरी त्याले चारलं."

सिग्नलला ऑटो थांबला. प्रेमलताबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"अजून सांग," त्या म्हणाल्या. "कसा हसे?"