झिलूमामाची उठबस

तापानं झिलूला आडवा पाडला तो आठच दिवस. पुढचे तीन महिने त्याला आडवा ठेवला पोराच्या मायेनं.

बाजारकुणंग गावच्या रानात त्याच्याएवढे खोल कंद खणणारा दुसरा नव्हता. पण ताप उतरला आणि मुलानं, उमाजीनं, त्याची कुदळ काढून घेतली. "बा, आता तू बसून खायचं." आणि खायचं तरी काय? पेजेचं पाणी! कुळीथ, मासळी राबणाऱ्यांना. म्हाताऱ्याला ते पचत नाही, असं सगळेच म्हणत. सून रुक्माही तेच वाढी. मायेत कुणी कमी पडलं नाही हो!

कार्तिकात झिलूला खांब धरल्याशिवाय उठता येईना. उमाजी तेव्हा सागवान तोडायला रानात मुक्कामाला गेला होता. रुक्मानं तुळजा सुइणीला बोलावलं. तुळजानं दोन्ही हातांची बोटं जुळवून म्हाताऱ्याच्या पोटरीभोवती कडं केलं. कड्यात अजून दोन बोटं मावली असती.

"ह्यो म्हातारपणानं न्हाई, निजून निजून आटलाय," ती म्हणाली. "घट्ट खायला घाल. अंडं, मासळी, कुळीथ. आन् दिवसातनं दहादा पाटावरनं उठीव."

पहिल्या दिवशी झिलूनं सुनेला शिव्यांची लाखोली वाहिली. "मारायला बसलीयास काय गं मला?"

"मामा, तीन झालं. अजून सात हाईत."

महिन्याभरात तो अंगणात आला. मग ओढ्यावरनं अर्धी कळशी आणू लागला. पोटरीवर मांस धरलं. एक दिवस कळशी भरता भरता म्हणाला, "शिमग्याआधी कंद खणून दावतो तुला." रुक्माला इतका आनंद झाला की ती वेड्यासारखी हसतच सुटली.

नेमका त्याच दिवशी उमाजी परतला, सोबत बुधवंत, म्हणजे जातीचा म्होरक्या. दोघांना दिसलं काय? घामानं निथळणारा म्हातारा कळशी घेऊन चढण चढतोय आणि सून मागनं मोकळ्या हातांनी येतेय.

बुधवंतानं नुसती मान फिरवली. तेच वाईट. उमाजीनं कळशी हिसकावली. "माझ्या बाला राबवतीस? गावात तोंड दावायला जागा ठेवलीस का?"

रुक्मानं सगळं सांगितलं. पोटरी दाखवली. कोण बघतोय पोटऱ्या! मग तिनं सासऱ्याकडं पाहिलं. तो एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं.

"ऱ्हाऊ दे गं," झिलू म्हणाला. "माझ्यापायी पोराची मान खाली नको." आणि स्वतःच्या पायांनी आत जाऊन आडवा झाला.

पुन्हा तो उठला नाही. माघात त्याला दोघांनी धरून बसवावं लागे. फाल्गुनात घासही गिळवेना. तो गेला तेव्हा रुक्माला रडू आलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं. ती चूल पेटवी, वाढी, भांडी घाशी, बस्स.

बाराव्याला बुधवंत चारचौघांत म्हणाला, "बाप सांभाळावा तर उमाजीगत. काडी उचलू दिली न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या शांतीनं ते ऐकलं. तिची सासू केशर स्वयंपाकासाठी लाकडांची मोळी घेऊन येत होती. शांतीनं धावत जाऊन ती उतरवली. "आत्ती, उद्यापास्नं तुमी नुसतं बसून ऱ्हायचं."

केशर ओशाळून खाली बसली.

रुक्माला ओरडावंसं वाटलं. पण म्हाताऱ्याला राबवणारी सून म्हणून तिचं नाव झालेलं. तिचं कोण ऐकणार? ती केशरजवळ गेली. पायलीभर भात एकटीनं कांडणारी रुक्मा खालमानेनं म्हणाली, "काकी, माझ्या दंडात आता जोर न्हाई. रोज कांडायला याल काय? तुमच्याबिगर माझं नडतंय."

"येते की गं!" केशरचा चेहराच उजळला. "शेजारधर्म हाय. ह्या आताच्या पोरींत दमच न्हाई!"

"व्हय काकी," रुक्मा म्हणाली.