साध्या माणसाची उत्तरं

भिमाजी शिपाई जेलात ड्यूटीला आला तोच तोंड कडू करून. घरी पोरगी उज्वला कालपासून जेवली नव्हती. द्वारका चौकातल्या कापडाच्या दुकानात ती कामाला. मालकाच्या भावानं गोदामात तिचा हात धरला. "पप्पा, चौकीत चला माझ्यासंगं," म्हणाली, तर याच्या तोंडून गेलं, "तू हसली असशील. उगं कोण हात धरतंय?"

जेलात वेदिका मॅडम आल्या होत्या. बायांवर हात टाकून आत आलेल्या कैद्यांशी बोलायचं, असं करताना माणसाच्या डोक्यात काय चालतं ते शोधायचं, हा त्यांचा अभ्यास. भिमाजी दारात बसला. आत पुंजा नावाचा कैदी मोठ्यानं सांगत होता, "ती हसली होती ना, मॅडम! मनात नसतं तर हसली कशाला असती?"

"लाज नाय लेकाला," भिमाजी पुटपुटला.

पुंजाचं झालं, तो बाहेर बाकावर येऊन बसला. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्ही या. बाहेरच्या साध्या माणसांची उत्तरंही लागतात, यांच्याशी ताडून बघायला."

साध्या माणसांत आपला नंबर लागला म्हणून गडी खूश. मिशीवर हात फिरवून बसला.

"एखाद्यानं बाईचा हात धरला, तर त्यात तिची चूक किती?"

"टाळी काय एका हातानं वाजते का, मॅडम? ती हसली असंल, तवाच त्याची..."

बाकावरून पुंजा फिसकन हसला. "शिपाईमामा, मग तुम्ही बाहेर कसे?"

कानफटात द्यायला भिमाजी उठला, पण हात काही वर होईना. कान नुसते तापले. खाली बसून म्हणाला, "मॅडम, आत्ताचं ते खोडा ना."

"नाही भाऊ. आलं तसंच ठेवावं लागतं."

संध्याकाळी घरी गेला, तर मायलेकी चपला घालून निघालेल्या. "मी येतो," म्हणाला. उज्वला म्हणाली, "कशाला? तिथं पण विचाराल, हसलीस का म्हणून." तरी हा मागं मागं गेला, चोरासारखा.

चौकीत हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, पेन कानामागं खोचलं. "पोरी, तू त्याच्याशी हसली-बिसली होतीस का?"

बायको भिमाजीकडं बघायला लागली. त्यानं घसा खाकरला.

"साहेब, हेच मी काल इचारलं. बाप असून. तुम्ही तरी नका इचारू."

हवालदारानं कानामागचं पेन काढून तक्रार लिहायला घेतली. उज्वलानं मात्र बापाकडं मान वळवली नाय.