झाडाला न मिळालेलं पाणी

मी एक जुना पाण्याचा रांजण आहे. कालव्याकाठच्या लाकडी घराच्या जिन्याशी माझा जन्म गेला.

"मालीवान, ते पाणी आंब्याच्या बुंध्याशीच ओत हो, मध्ये थांबू नकोस," शेजारच्या बुआ मावशीने घरच्या लेकीला बजावलं होतं.

"ओतते गं मावशी! झाड काय पळून जातंय?" मालीवानने हसण्यावारी नेलं.

मित्रांनो, तिची आई खामपन जाऊन त्या दिवशी शंभर दिवस झाले होते. भिक्खू मंत्र म्हणत होते आणि मालीवानने आईच्या नावाने वाटीत पाण्याची धार धरली होती. ते पाणी मातीत मुरलं की पुण्य मेलेल्या माणसाला पोचतं. पण वाटी घेऊन ती जिना उतरली, तोच वर तिची दोन वर्षांची नुन रडू लागली. मालीवानने वाटी माझ्यात उपडी केली आणि ती धावली.

मला राचबुरी गावच्या कुंभाराच्या भट्टीत भाजलं होतं. तीस वर्षं खामपन माझ्याच पाण्याने पाय धुऊन घरात शिरली. नववर्षाला लेकरं तिच्या हातांवर सुगंधी पाणी ओतत, तेही माझंच. मग घरात नळ आला. माझं झाकण हरवलं, ते कुणी शोधलं नाही.

त्या दिवसापासून माझं पाणी भर दुपारीही गारठलेलं राही. वारा नसताना हले. नुन काठाला धरून आत डोकावे आणि हसे.

"आजी आत आहे."

"तुझंच तोंड दिसतंय ते, वेडाबाई!"

"आजीला थंडी वाजते."

मालीवानने लक्ष दिलं नाही. मी मात्र ऐकत होतो. आतून कुणीतरी हलकेच, नखाने, माझी भिंत खरवडत होतं.

एका दुपारी मालीवान वर कपडे वाळत घालत होती. नुन पालथ्या बादलीवर चढली, वाकली, तिचे पाय सुटले. डोकं पाण्यात गेलं. मला ना हात, ना आवाज. तेवढ्यात एका थंडगार तळव्याने आतून माझ्या जुन्या चिरेवर धक्का दिला. मी फुटलो. पाणी भसकन बाहेर आलं आणि उतार नसतानाही थेट आंब्याच्या बुंध्याशी जाऊन मुरलं.

नुन चिखलात बसून खोकत होती. मालीवानने तिला उराशी कवटाळलं आणि आंब्याकडे पाहत ती पुटपुटली, "आई, चुकले गं."

आता माझ्या खापरात पावसाचं पाणी साचतं. त्यात कुणी नाही.

मित्रांनो, पाण्यावर झाकण ठेवा. गेलेल्यांचं देणं घाईत उरकू नका. प्रत्येक रांजणात आजी नसते. तुमच्या घरातलं धाकटं मूल बराच वेळ गप्प असेल, तर हे वाचणं राहू द्या. आधी उठा आणि ते कुठे आहे, पाहून या.