केशवरावांची खाली कुर्सी

आपल्या मध्य प्रदेशात सरपंचाला मुदतीआधी घरी बसवायची एक सोय आहे. अडीच वर्षं झाली आणि पुरेशा लोकांनी सह्या केल्या, की सरकार पुन्हा मतदान घेतं. त्या मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नसतात. दोनच चित्रं असतात, एक माणूस बसलेल्या खुर्चीचं आणि एक रिकाम्या खुर्चीचं. सरपंच राहावा वाटला तर भरी कुर्सी, जावा वाटला तर खाली कुर्सी. सौंसर तालुक्यात, बोरगावच्या अलीकडच्या एका गावावर ही वेळ आली, आणि अर्जावर पहिली सही केशवरावांची होती.

केशवराव काही राजकारणातले नव्हेत. वय पासष्ट, संत्र्याची दोनशे झाडं, आणि बगीच्यातला सकाळचा फेरफटका चुकला की दिवसभर घरादाराच्या डोक्याला ताप. मत ते आजवर नातं पाहून देत आले आणि त्याची त्यांना कधी लाजही वाटली नाही.

पण त्यांची मोटर बंद झाली. गावाच्या नळाला ज्या विहिरीतून पाणी जातं, तिच्यापासून त्यांचा बोअर चाळीस पावलांवर. तिथली मोटर सुरू झाली की विहीर तळाला जायची. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि बोलत कोणी नव्हतं. अनुराधा सरपंच झाली आणि बोलली. गावची सून, वय तिशीच्या आत, स्कूटीवर फिरणारी. होळीपासून पाऊस लागेपर्यंत विहिरीजवळच्या सगळ्या मोटरी बंद, असा ठराव तिनं दुसऱ्या वर्षी ग्रामसभेत मंजूर करून घेतला. पहिल्या दिवशी स्वतःच्या सासऱ्याची मोटर बंद केली, दुसऱ्या दिवशी केशवरावांची.

त्या उन्हाळ्यात दूरच्या कोपऱ्यातल्या जुन्या विहिरीच्या तासभर पाण्यावर केशवरावांनी झाडं कशीबशी जगवली. तरी निम्म्या झाडांखाली बोराएवढ्या हिरव्या फळांचा सडा पडला. ती फळं वेचताना ते रडले. शकुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

म्हणून दिवाळीनंतर प्रफुल्ल कागद घेऊन आला तेव्हा त्यांनी चष्माही न लावता सही ठोकली. प्रफुल्ल त्यांचा सख्खा भाचा. गावातच राहायचा आणि सरपंचपदावर त्याचा जुना डोळा होता. जागा बाईसाठी राखीव, तर त्याची बायको पूनम उभी राहणार, आणि कारभार कोण करणार हे काही विचारायची गोष्ट नव्हती.

"मामाजी, पूनम बसली का पयल्या दिवशी तुमची मोटर चालू," प्रफुल्ल म्हणाला.

झालं. केशवरावांनी शकुबाईंनाही बजावून टाकलं, "खाली कुर्सीवर ठप्पा मारजो. इसरू नको." शकुबाई भाकरी थापत होत्या. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

मतदानाच्या आठवडाभर आधी मामा-भाचे घरोघर निघाले. एकाचा ओटा रस्त्यात गेला होता, प्रफुल्लनं ओटा परत बांधून द्यायचं कबूल केलं. दुसऱ्याला तोच रस्ता आणखी रुंद हवा होता, तोही कबूल. केशवरावांना जरा गंमत वाटली. मग ते रामाजींच्या घरी पोचले. रामाजींची वीटभट्टी होती आणि भट्टीला पाणी लागत होतं.

"पाण्याचं टेन्शन सोडा," प्रफुल्ल म्हणाला. "नळाच्या विहिरीवरून तुमाले पाइप टाकून देतो."

बाहेर पडल्यावर केशवरावांनी त्याला थांबवलं. "अरे, ते पाणी तर तू मले देल्लं ना?"

"चुनाव होऊन जाऊ द्या, मामाजी. मंग पाहू कोणाले किती द्याचं ते."

आपल्यावर झालेला अन्याय तेवढा खरा आणि बाकीचे लोक हावरे, असं केशवराव इतके दिवस धरून चालले होते. आता रामाजींना हावरा म्हणायची सोय राहिली नव्हती.

शेवटचं घर भाऊरावांचं, बौद्ध वस्तीत. भाऊराव वीस वर्षांपासून केशवरावांच्या बगीच्यात वाळलेल्या फांद्या छाटायला येत आणि त्यांची बायको शोभा निंदणाला, म्हणजे तण काढायला. प्रफुल्ल बाहेर गाडीवर बसून फोनवर बोलत राहिला. केशवराव एकटेच आत गेले. इथं फार बोलावं लागणार नाही याची त्यांना खात्री होती, कारण भाऊरावांचं नाव अनुराधानं घरकुलाच्या यादीतून काढलं होतं.

"तुले तर राग याले पाह्यजे, भाऊराव."

"आला ना जी. अजून हाय. पोरगा नोकरीवर लागला, नियमात बसत नाही म्हणते." भाऊरावांनी खुर्ची पुढे केली. "पण तो राग घरकुलाचा हाय, काकाजी. नळाचा नाही."

शोभानं पाण्याचा गिलास आणून दिला आणि दाराशी उभी राहिली. "काकाजी, एक इचारू? ह्या उन्हाळ्यात मी तुमच्या बगीच्यात एक दिवस तरी उशिरा आली काय?"

केशवराव आठवू लागले. नव्हती आली. त्यांना वाटलं होतं, आपल्या बोलण्याचा अखेर परिणाम झाला.

"आंधी दरसाल तुमी मले बोलत होते," शोभा म्हणाली. "दहा वाजता येते, लाज नाही वाटत काय, म्हणत होते. अर्धी रोजी कापत होते. नळ कोरडा राहे, तवा आमी विहिरीवर बसून राहो. पाणी झिरपे तवा एकेक घागर भरे. अन् तुमची मोटर बंद झाल्याबिगर ते झिरपेच ना."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं कवा?"

ती रागावून बोलली असती तर केशवरावांना सोपं गेलं असतं, उलटून बोलता आलं असतं. पण ती साधंच बोलली, आज भाजी काय केली हे सांगावं तसं. गिलास हातात तसाच राहिला. आपणच तिला उशीर करायला लावला, आपणच त्या उशिराची रोजी कापली, आणि वर वर्षानुवर्षं चारचौघींत बोललो. पासष्टाव्या वर्षी केशवरावांना मान खाली घालावीशी वाटली, आणि त्यांनी ती घातली. पाणी पिऊन ते निघाले. मताचं काही विचारलं नाही.

इथून पुढे केशवराव एकदम साधुसंत झाले असं कोणी समजू नये. पुढचे चार दिवस ते बगीच्यात फिरले आणि एकेका झाडाला हात लावून पाहिला. अनुराधा राहिली तर पुढच्या उन्हाळ्यातही फळं गळणार होती, कदाचित पन्नासेक झाडं कायमची जाणार होती. ती झाडं त्यांनी हातानं लावली होती. शनिवारी ते जामसांवलीला जाऊन आले. तिथल्या मारुतीपुढे बराच वेळ हात जोडून उभे राहिले, पण मारुती असल्या भानगडीत पडत नाही. घरी आल्यावर शकुबाईंना सगळं सांगावं असं दहादा मनात आलं. पण महिनाभर ज्या तोंडानं खाली कुर्सी, खाली कुर्सी केलं, त्याच तोंडानं आता भरी म्हणायचं कसं?

मतदान शाळेत होतं. पुरुषांच्या रांगेतून केशवरावांना बायकांच्या रांगेतल्या शकुबाई दिसत होत्या. ही माझं ऐकून खाली कुर्सीवर ठप्पा मारणार, मी भरीवर मारणार, म्हणजे घरातलं मत घरातच फिटणार, असा हिशेब त्यांनी मांडला. अजून मात्र त्यांचंही नक्की नव्हतं. आडोशाला गेल्यावर त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यात आधी स्वतःला बसवून पाहिलं, मग रामाजींना, मग ओटावाल्याला, मग रस्तावाल्याला. सगळे एकमेकांना ढकलत होते. बाहेरून कोणीतरी "झालं काय, बाबाजी?" असं विचारलं. केशवरावांनी शिक्का उचलला आणि भरी कुर्सीवर मारला. शिक्का स्वच्छ उमटला.

खाली कुर्सी अकरा मतांनी हरली.

निकाल लागताच प्रफुल्ल तणतणत मामाच्या अंगणात आला. "आपलेच लोक फुटले, मामाजी. एकेकाले पाहून घेतो."

केशवरावांना गप्प बसता आलं असतं. मत गुप्त होतं आणि त्यांच्यावर संशय तर कोणाच्या स्वप्नातही आला नसता. त्यांनी पुढ्यातला चहाचा कप बाजूला सरकवला.

"माह्यापासून सुरू कर मंग. मी भरीले देल्लं."

प्रफुल्ल ओरडला. "तुमचा बगीचा वाळून राहिला, अन् तुमी तिले वोट देल्लं?"

"झाडं माही हायेत. माहं मी पाहीन."

"एक नको धरू, प्रफुल्ल, दोन धर," शकुबाई आतून म्हणाल्या.

प्रफुल्लनं गाडीला किक मारली आणि निघून गेला. केशवराव उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"तुले तर मी खाली कुर्सी सांगतली होती."

"सांगतली होती ना." शकुबाई कांदा चिरत होत्या. "उन्हाळ्यात तुमी झाडाखाली रडत होते, तवा मलेबी रडू आलं. पण पलीकडं शोभा सकाळी साडेसातलेच निंदून राहिली होती. मले दोन्ही दिसलं. तुमाले एकच दिसलं."

"मंग मले काहून नाही बोलली?"

"तुमी तरी कुठी बोलले मले?"

केशवराव खोलीत गेले. जमिनीचे कागद पिशवीत घातले आणि चपला पायात सरकवू लागले.

"आता कुठी चालले?"

"सरपंचाच्या घरी."

"वोट देल्लं म्हणून सांगाले?"

"नाही वो. शेततळ्याचा अर्ज द्याले. पावसाचं पाणी साठवीन तर मोटरीची गरजच नाही पडणार." केशवराव दारात थांबले. "वोट गावासाठी देल्लं. अर्ज माह्यासाठी हाय. अन् नाही म्हणली तर ग्रामसभेत सर्वाईसमोर भांडीन तिच्याशी."

"भांडा," शकुबाई म्हणाल्या. "पण जेवून जा."