तीन बटणं

नऊ.

आवाज तीन ठिकाणांहून जायचा. आधी टेबलावरचा रेडिओ. मग शामकांत मास्तरांनी स्वतः जुळवलेला, फळीवरचा अँप्लिफायर. तिथून वायर छताच्या कडेने फिरून भिंतीवरच्या स्पीकरच्या पेटीत. तिन्हींना आपापलं बटण. रेडिओचं कायम निम्म्यावर. पेटीचं पाठीमागे, बसवतानाच पूर्ण उघडलेलं. "पेटीला कुणी हात लावायचा नाही," मास्तरांनी बायकोला बजावलं. अंबिकाने वरून क्रोशाचा रुमाल टाकला आणि तो विषय संपला.

कमीजास्त करायचं ते मधल्या, अँप्लिफायरच्या बटणाने. ते घड्याळासारखं फिरे. सातला बंद, पाचला पूर्ण.

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्धाच्या बातम्यांना सोनई गावातली अर्धी गल्ली ओट्यावर जमली, तेव्हा बटणाची खूण नऊवर होती. शेवटच्या माणसालाही शब्द न् शब्द कळला.

अकरा.

संक्रांत. भिंतीपलीकडे रतनबाईंच्या सुनेला मुलगा झाला, पेढे आले. पेढा तोंडात धरून मास्तरांनी बातम्या लावल्या. पुसट. बटण अकरावर नेलं. पेढा गिळायचा राहिला.

एक.

होळीला अकराही पुरेना.

एवढंच असतं तर मास्तरांनी अँप्लिफायर उघडला असता. पण हल्ली अंबिकाचंही अर्धंच ऐकू येई. ओठ हलत, शब्द वाटेत सांडत. मास्तर नुसतं "हं" म्हणत. एकदा असंच "हं" म्हणून टाकलं, तर दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ वळकटी घेऊन मुक्कामाला हजर.

पण "काय?" म्हणायचं नाही. काहीही होवो, "काय?" म्हणायचं नाही.

त्यांचे वडील विष्णुपंतही मास्तरच होते. चाळिशीत कान गेले. पोरं उभी राहून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवत. विष्णुपंत मान तिरकी करून ऐकत आणि म्हणत, "शाबास. बस."

त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर शामकांत बसायचा. खाली मान घालून.

तीन.

पाडवा. शाळेत मात्र सगळं ऐकू यायचं. पण पोरं ओरडतातच, त्यात काय आलं? शिकवता शिकवता मास्तर पोरांच्या ओठांकडे बघू लागले.

पाच.

यापुढे बटण जात नाही.

ते पाचवर पोचलं त्याच संध्याकाळी हेडमास्तर श्रीमंत दरंदले चहाला आले. जूनपासून मॅट्रिकचा, अकरावीचा वर्ग शामकांतांना द्यायचा, ते पक्कं करायला. मास्तरांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. वर्ग नको म्हणायचं. हाच नाही, कुठलाच. प्रयोगशाळेतलं सामान सांभाळतो म्हणायचं.

"बोला मास्तर. काहीतरी सांगायचंय म्हणालात."

"सर, मी..." हात रेडिओकडे गेला. "बातम्या होऊ द्या आधी."

बटण पाचवर. अँप्लिफायर फळीवर घूंऽऽ करत बसला आणि पेटीतून निवेदिका कुठल्याशा विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी बोलू लागली. मास्तर दरंदल्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता हे कानावर हात ठेवतील. म्हणतील, केवढा हा आवाज, कान गेले की काय तुमचे?

दरंदले पुढे वाकले. हात कानामागे नेला.

"वाढवा की राव! का उधारीवर आणलाय आवाज?"

"तुम्हाला... ऐकू येत नाही?"

"कसं येणार? आमची म्हैस रवंथ करते, ती याच्यापेक्षा मोठ्यानं."

मास्तर उठले. रेडिओ: निम्म्यावर. अँप्लिफायर: पाच. वायर. वायरीवरून नजर छताच्या कडेने सरकत गेली. पेटी. रुमाल. रुमालाखालून हात मागे.

बटण जवळजवळ बंद.

पुढचं हाताने केलं, डोक्याने नाही. बटण पूर्ण उघडलं. मधलं पाचवर आहे, याचं भान कुणाला?

पेटी फुटल्यासारखी ओरडली. खिडकीची तावदानं थरथरली, दरंदले खुर्चीसकट मागे सरकले. मास्तरांनी झडप घालून रेडिओ बंद केला.

मग भिंतीपलीकडून बाळाचं रडणं, आणि त्यावर रतनबाई:

"अंबिकावैनीऽ! पोर आत्ता कुठं निजलं हुतं! मास्तरला काय कळतं का न्हाई?"

अंबिका चहा घेऊन दारात खिळली होती.

"पाळणा या भिंतीलाच लागून आहे," ती म्हणाली. "तुम्ही बातम्या लावल्यात की बाळ उठायचं. मी पेटीमागचं जरासं कमी करायची. मग तुम्ही परत वाढवायचात, मी परत कमी. आणि पेटीला हात लावला म्हणून तुम्ही चिडला असतात, म्हणून..."

"आणि बोलायचीस हळू, तेही?"

"मग? बाळ निजल्यावर बोंब मारू?"

मास्तरांनी मधलं बटण मागे फिरवलं. तीन, एक, अकरा, नऊ.

"हां, तर काय सांगणार होतात?" दरंदल्यांनी बशीत चहा ओतला.

"अकरावी," मास्तर म्हणाले. "घेतो मी."

पलीकडे बाळ निवत आलं होतं. अंबिका कप ठेवता ठेवता अगदी हळू काहीतरी बोलली.

मास्तरांनी तिच्या ओठांकडे पाहिलं नाही.

"काय?" ते म्हणाले.