ठरावाने वाढलेलं विमान

मित्रांनो, माझा जन्म आकाश पादाक्रांत करण्यासाठी झाला. सध्या माझ्या पोटात कडबा आहे.

मी एक जुनं विमान आहे. पंख भंगारवाल्याने ठेवून घेतले, उरलेलं धड एका सहकारी साखर कारखान्याने विकत घेतलं. कपिलधारला जाणारे भाविक वाटेत थांबून विमानात बसून जेवतील, असा चेअरमन मोहनरावांचा बेत होता. त्या साली पाऊस पडला नाही. ऊस वाळला, कारखाना बंद राहिला, भाविकांना प्यायला पाणी मिळेना. मग आवारात चारा छावणी उघडली आणि माझं कोठार झालं.

माझं नाव बोइंग ७३७-२ए८. ते दाराच्या चौकटीवरच्या पत्र्यावर ठोकलेलं आहे. आमच्या घराण्यात प्रत्येकाचं नाव सातने सुरू होऊन सातवर संपतं. मधला आकडा म्हणजे कितवं कुळ एवढंच. त्याचा ताकदीशी संबंध नाही. पुढचा दोन म्हणजे कुळातली दुसरी मालिका, पहिलीपेक्षा थोडी लांब. एअरबसवाल्यांची रीत निराळी, त्यांच्या शेवटच्या आकड्यांत इंजिन कुणाचं तेही कळतं. आमच्यात शेवटी येतो तो पहिला धनी. ए८ म्हणजे आपल्या देशातली सरकारी विमान कंपनी. मला तिच्यासाठी बनवलं होतं. पुढे मला दुसऱ्यांनी घेतलं, रंग बदलले, मी टपालही वाहिलं. ए८ मात्र तसंच राहिलं.

हे संचालक मंडळाला कोण सांगणार? पहिल्याच दिवशी मोहनरावांनी माझ्याभोवती फेरी मारली.

"सातशे सदतीस म्हंजी काय? टन का हॉर्सपॉवर?"

"सीटा असतील," संचालक धोंडीराम म्हणाले. "पल्याडच्या कारखान्यानं बी विमान आणलंय म्हणं. त्यांचं बी सातशे सदतीसच हाय."

मोहनरावांचा चेहरा पडला. "मग आपलं वाढवा."

"कितीवर न्यावं?"

"सातशे सत्तेचाळीस करा. लई ताणू नका, लोकं शंका घेतेत. गाळप वाढवायला दिल्लीला खेटे घालावे लागतेत, ह्याला कोण इचारतंय?"

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सूचक मोहनराव, अनुमोदक धोंडीराम. जगात कुठलंही विमान इतक्या स्वस्तात मोठं झालं नसेल.

सटवा पेंटर आला आणि त्याने माझ्या अंगावर पुरुषभर उंचीचे नवे आकडे काढले. त्याचं मला काही वाटलं नाही. अंगावर रंग पुष्कळ चढले होते. मग तो दारावरच्या पत्र्याकडे वळला. तेवढीच माझी ओळख उरली होती.

बैलांसाठी पेंढी न्यायला छबुबाई दारात उभी होती. ती आपल्या दोन बैलांबरोबर छावणीतच राहायची. सगळे तिला कड्याची म्हणायचे, कारण तिचं माहेर कडा गावचं.

"ते कावून झाकतुस? काय लिव्हलंय?"

"जोडायला आलता तो मिस्त्री सांगत होता, ज्याच्यासाठी पैल्यांदा बनवलं त्याची खूण हाय. मागून कुणीबी घेऊ द्या, खूण तीच ऱ्हाती."

छबुबाईने पेंढी खाली ठेवली. "मला इथं नांदून उमर गेली, तरी कड्याचीच म्हनतेत. आई गेल्यापासून तिकडं कुणी बोलीवलं न्हाई. नावच तेवढं ऱ्हायलंय. ऱ्हाऊ दे की त्याचं बी."

"ठराव झालाय, मावशी."

"ठरावानं माहेर बदलतंय व्हय रे?"

सटवाने तिच्याकडे पाहिलं, मग मोहनरावांच्या जीपकडे. "उगं माझी रोजी घालवू नका," म्हणाला आणि ब्रश फिरवला. पण रंगात पाणी मात्र भरपूर घातलं. दुष्काळात एवढं पाणी त्याने कुठून आणलं, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी छबुबाईने कोयत्याच्या टोकाने पत्रा खरवडला. ए८ वर आलं. खरवडलेला पत्रा धोंडीरामांना दिसला की सटवा पुन्हा यायचा, रंग द्यायचा. पेंढी न्यायला आली की ती खरवडायची. दोघं एकमेकांशी त्याबद्दल चकार शब्द बोलत नसत. माझ्या म्हातारपणातले ते सुखाचे दिवस होते.

पुढच्या साली पाऊस झाला. छावणी मोडली, उरलेला कडबा माझ्या पोटातच राहिला. छबुबाई टोळीबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात गेली. जाताना तिने पत्रा पदराने पुसला आणि बोट त्यावरून फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. नंतर सटवा आला. या खेपेला कारखान्याने तेलरंग दिला होता.

अजून आभाळातून विमानं जातात. नुसत्या आवाजावरून मी विचार करत बसतो, हे कुणाच्या दारचं असेल, याला पहिल्यांदा कुणी मागितलं असेल. टोळ्या परत येतात तेव्हा बैलगाड्यांच्या आवाजाकडेही कान असतो. कड्याची अजून आलेली नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना हवा तो रंग द्या, कडबाही भरा. पण पहिलं नाव तेवढं झाकू नका. त्याच्याच आधाराने आम्ही उभे असतो.

नव्या विमानांना असं पहिल्या धन्याचं नाव देणं बोइंग कंपनीने आता बंद केलं आहे.