काचेवरचे मिशीवाले

पोरींनो, आमच्या प्रयोगशाळेत समुद्राच्या पाण्याच्या एवढ्या टाक्या, पण मोठ्या सरांच्या बाहीची इस्त्री कधी मोडली नाही. मोठे ते फक्त खुर्चीपुरते. टाक्यांमध्ये कोपरापर्यंत हात घालायचे मी.

त्यातल्याच एका टाकीच्या काचेवर मला ते दिसले. मोहरीएवढे, पांढरे, एका टोकाने काचेला चिकटलेले, दुसऱ्या टोकाला मिशा. मी त्यांना मिशीवाले म्हणायचे. जाडजूड ग्रंथ पालथे घातले, कुठेच नोंद नाही. नवा प्राणी! लहानपणापासून मला एवढंच हवं होतं, कुणीच न पाहिलेलं काहीतरी आपण पहिल्यांदा पाहावं. मी नाचतच सरांना दाखवायला गेले.

सरांनी चार मिशीवाले स्पिरिटच्या बाटलीत बुडवले, "तपासतो" म्हणाले, आणि काही महिन्यांनी शोधनिबंध छापून आला. एकट्या सरांचा! प्राण्याला नावही स्वतःचंच दिलेलं. आम्हा शास्त्रज्ञांत असं करत नाहीत, पण यांना कसली लाज? शेवटी बारीक अक्षरांत माझे आभार, 'टाक्या स्वच्छ ठेवल्याबद्दल'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा मेला!

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "देव सगळं बघतोय."

"त्याला बघत बसू दे. मी काहीतरी करते."

सरांचे मिशीवाले बाटलीत मेलेले होते, माझे जिवंत होते. दात-ओठ खात मी त्यांना रोज खायला घालत राहिले. थंडीत पाणी गार झालं आणि ते बदलायला लागले. अंगावर वळ्या पडल्या, एकावर एक बशा रचल्यासारख्या. मग वरची बशी सुटली आणि चक्क पोहायला लागली. वाढवून बघते तर काय, जेलीफिश! किनाऱ्यावर ढिगाने वाहून येणारा, शाळेच्या पुस्तकातला, फार पूर्वीच नाव मिळालेला. मिशीवाले म्हणजे त्याचंच बालपण.

आमच्या शास्त्रात एका प्राण्याला एकच नाव, सगळ्यात जुनं. हे सांगितलं की सरांनी दिलेलं नाव पुसलं जाणार. पण माझा नवा प्राणीही जाणार, कायमचा.

"म्हणजे आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन," आई म्हणाली.

"हो, कापते."

याच शोधासाठी सरांचा सत्कार ठरला होता. भरल्या सभागृहात त्यांचं भाषण झालं, प्रश्न सुरू झाले आणि मी उठले. "सर, हे प्राणी मोठे झाल्यावर कसे दिसतात?"

"अगं, हे मोठेच आहेत," सर हसले. सभागृहही खो खो हसलं.

मी अध्यक्षांची परवानगी घेतली आणि पडद्यावर मिशीवाल्यांची मी काढलेली फिल्म लावली. बशी सुटली, पोहली, वाढली. हसू बंद झालं. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, हा तर आपला साधा जेलीफिश!" सरांना दरदरून घाम फुटला. खरं सांगते पोरींनो, इतका आनंद मला मिशीवाले सापडले तेव्हाही झाला नव्हता.

बाहेर सरांनी मला गाठलं. "तुझाही शोध गेला, कळतंय का? काय मिळवलंस?"

"गेला ना," मी म्हणाले. रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडते कशाला! "मी दुसरा शोधीन, सर. पण आता तुम्हाला दाखवायला कोण येणार?"